हाजींच्या घरचं कोमट पाणी

मस्कतमध्ये उन्हाळ्यात गार पाण्याने आंघोळ करायची असेल तर गीझरचा नळ उघडावा लागतो. हे सांगितलं की गावाकडची माणसं माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, मन्या, आखातातून आलास म्हणून काहीही सांगू नकोस. पण खरं आहे. पाण्याची टाकी गच्चीवर. एप्रिल लागला की ती उन्हात अशी तापते की थंड पाण्याच्या नळाखाली हात धरवत नाही. गीझर मात्र घराच्या आत, फॉल्स सीलिंगमध्ये, एसीच्या गारव्यात. त्याचं बटण बंद ठेवलं की पोटातलं पाणी तिथेच पडून निवतं. म्हणजे गीझरचा माठ करायचा. नोव्हेंबर आला की बटण चालू करायचं, आणि माठाचा पुन्हा गीझर होतो.

नवीन आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं. जून महिन्यात अल् खुवैरच्या एखाद्या फ्लॅटमधून फोन यायचाच, की तुमच्या माणसाने लाईन उलटी जोडली आहे, थंडच्या नळाला गरम पाणी येतंय. मी जायचो, समजावून सांगायचो. पुण्याहून आलेल्या एका साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग ऑफिसात फोन करून सांगितलं की जरा शिकलेला माणूस पाठवा. ऑफिसने दुसऱ्या दिवशी परत मलाच पाठवलं, नुसता शर्ट बदलून ये म्हणाले. मी बदलला. त्यांना पटलं.

तर माझं काम हे असं. रत्नागिरीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो आणि सतरा वर्षं मस्कतमध्ये एका मेंटेनन्स कंपनीत गीझर, पंप, एसी यांच्या मागे फिरलो. उन्हाळ्यात एसी, हिवाळ्यात गीझर. लोकांना वाटतं गीझर दुरुस्त करणं म्हणजे काय, कॉइल बदलली की झालं. कॉइल कुणीही बदलतो. कठीण असतं ते दुरुस्तीनंतरचं. आम्ही त्याला रिपीट म्हणायचो. दुरुस्त करून आलात, सही घेतलीत, आणि दोन दिवसांनी त्याच घरून फोन, की तुमचा माणूस येऊन गेल्यापासूनच बिघडलंय. इथून पुढे गिऱ्हाईक मशीनकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतं. शिडीवर चढलेल्या माणसाच्या पाठीला ती नजर कळते. माझे गुडघे आता गेलेत ते शिड्यांनी, पण झोप गेली ती रिपीटनी.

रिपीटमध्ये अर्ध्या वेळा दोष यंत्रात नसतोच, घरातल्या सवयीत असतो. आपल्या मराठी घरांचंच बघा. आपल्याकडे गीझर म्हणजे वाघ. आंघोळीपुरता चालू करायचा, लगेच बंद करायचा, आणि घराबाहेर पडताना जिन्यावरून ओरडून विचारायचं की गीझर बंद केला का. एका बँकवाल्यांकडे मी एकाच थंडीत चार वेळा गेलो. पाणी गरम होत नाही. मी असेपर्यंत उत्तम होतं, मी गेलो की नाही. शेवटी कळलं की डोंबिवलीहून आलेल्या आजी बाथरूममधून कुणीही बाहेर आलं की जाऊन बटण बंद करतात, आणि तिथला गीझर मोठा, त्याला तापायला तासभर लागतो. सुनेने सासूला काही म्हणायचं नाही म्हणून माझ्याकडे तक्रार केली होती. मी आजींना म्हणालो, आजी, इथला गीझर चालूच ठेवतात. त्या म्हणाल्या, तू ठेव तुझ्या घरी.

हे हसण्यावारी गेलं. पास्कलदादाचं नाही गेलं. लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच, बाकीचं नुसतं घसा साफ करणं.

पास्कलदादा वसईचा. आमच्या कंपनीतला सगळ्यात जुना प्लंबर. मी पहिल्यांदा मस्कतला उतरलो तेव्हा विमानतळावर न्यायला हाच आला होता, आणि गाडीत बसल्या बसल्या त्याने मला विचारलं होतं की तुमच्याकडे नारळाला खत काय घालता. वसईला त्याची वाडी होती, केळीची आणि पानवेलीची. अंगाने बारीक, साठीला आलेला, डोळ्यांवर जाड चष्मा. बोलायचा कमी, पण बोलायला लागला की विषय पाण्याचा. नळाचं पाणी, विहिरीचं पाणी, वाडीला सोडायचं पाणी. पाइपवर तळहात ठेवून आतून पाणी जातंय की नाही सांगायचा. मला वाकडा पाना धरलेला पाहिला की म्हणायचा, मन्या, तुझी वीज आंधळी असते, पाणी बघत असतं. याचा अर्थ मला कधीच नीट कळला नाही, पण पाना सरळ धरायचो.

आम्ही दोघं एका गाडीवर होतो, याला एक कारण होतं. माझ्याकडे लायसन्स नव्हतं. ओमानमध्ये लायसन्स काढणं म्हणजे काय ते ज्याने काढलंय त्यालाच विचारा. दोन ड्रम लावलेले असतात, त्यांच्यामध्ये गाडी उलटी घालायची. मी प्रत्येक वेळी ड्रमच पाडायचो. शेवटी टेस्टवाला पोलीस मला नावाने ओळखायला लागला. त्यामुळे गाडी पास्कलदादा चालवायचा आणि मी बाजूला बसायचो, आणि मस्कतमध्ये गाडीवाचून माणूस म्हणजे पाय नसलेला माणूस.

त्या वर्षी, नव्वदचं दशक संपत आलं होतं, थंडीच्या सुरुवातीला पास्कलदादाच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्न जानेवारीत वसईला. त्याने दोन महिन्यांची सुटी घेतली होती. पण त्याच वेळी त्याचा व्हिसाही संपत होता, आणि कंपनीने नवीन केला तरच तो परत येऊ शकणार होता. मॅनेजर केरळचा होता, वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यावरही कुणीतरी होतंच. साठीच्या माणसाचं नाव पुढे पाठवायचं तर त्याच्याविरुद्ध तक्रार असता कामा नये, एवढं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. दादाला पैशाची पंचाईत नव्हती. त्याचं म्हणणं वेगळं होतं. होणारे व्याही कुवेतला होते, लग्नाला निम्मं आखात येणार होतं. तो मला म्हणाला होता, "मांडवात उभं राहायचं ते सुटीवर आलेला माणूस म्हणून रे. काढून टाकलेला म्हणून नाही."

आणि नेमका तेव्हाच त्याला रिपीट लागला.

घर अल् खुवैरलाच, मिनिस्ट्रीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या खालिदसाहेबांचं. घरात त्यांचे म्हातारे वडील होते. त्यांना सगळे हाजी म्हणायचे. हाजींना हिंदी यायचं, तरुणपणी खजूर घेऊन मुंबईला फेऱ्या मारलेल्या. निझव्याला त्यांची खजुराची बाग होती आणि दर बुधवारी संध्याकाळी ते आपली जुनी पिकअप स्वतः चालवत तिकडे जायचे ते शुक्रवारी रात्री परत यायचे. पास्कलदादा पहिल्यांदा त्या घरी गेला तो जळलेली कॉइल बदलायला. त्या दिवशी मी दुसरीकडे होतो. कॉइल बदलून तो आला, आणि चार दिवसांनी फोन. पाणी कोमट येतं.

तो परत गेला गुरुवारी, कारण तेव्हा तिथे गुरुवार-शुक्रवार सुटी आणि खालिदसाहेब घरी असायचे. पाणी कडकडीत गरम. तरी संशय नको म्हणून थर्मोस्टॅट बदलला. शनिवारी फोन, कोमट. पुढच्या गुरुवारी परत गेला, परत गरम. आता बदलायला काहीच उरलं नव्हतं. सगळे जॉइंट सोडून पुन्हा बसवले, शिडीवरून उतरला, सही घेतली. रविवारी खालिदसाहेबांनी मॅनेजरच्याही वरच्या माणसाला फोन केला. त्या म्हाताऱ्याला दिसत नाही, त्याला पुन्हा माझ्या घरात पाठवू नका.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. सोमवारी तू जा, म्हणाला. दोष घरातला निघाला तर मी पास्कलचे कागद पाठवतो. पण दोष त्याच्या कामात निघाला तर तो सुटीवर जाईल आणि परत येणार नाही. मला खोटं सांगू नकोस, एवढंच.

सोमवारी सकाळी मला त्या घरी नेलं कुणी? अर्थात पास्कलदादानेच. आत जायची त्याला बंदी, आणि गाडी चालवायला दुसरा कोणी नाही. त्याने गाडी फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत लावली, पिशवीतून संत्रं काढलं आणि सोलत बसला. मी शिडी उतरवत होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला की मन्या, बघ नीट, माझे डोळे खरंच गेले असतील तर मला कळू दे. मी म्हणालो, गप बसा हो. पण त्याने बसवलेला एखादा जॉइंट ढिला निघाला तर काय करायचं, हे मी रात्रभर ठरवत होतो आणि ठरलं नव्हतं.

आत खालिदसाहेब नव्हते, ऑफिसला गेले होते. मोलकरणीने दार उघडलं. मी बाथरूममधला गरम नळ सोडला. कोमट. चला, म्हटलं, निदान मला तरी कोमट मिळालं. वर चढलो. कॉइल उत्तम, थर्मोस्टॅट उत्तम, वायरिंग असं की फोटो काढून शिकाऊ मुलांना दाखवावं. गीझरच्या पोटाला हात लावला तर चटका बसला. आत पाणी उकळत होतं आणि खाली नळाला कोमट येत होतं.

इथे थोडं समजून घ्या, अवघड नाही. गीझरमध्ये एका बाजूने थंड पाणी शिरतं, दुसऱ्या बाजूने गरम निघतं. शिरणारं पाणी बंद केलं तर गरम नळातून एक थेंबही यायला नको, कारण मागून ढकलणारं कोणी नाही. मी वरचा व्हॉल्व्ह बंद केला, खाली येऊन गरम नळ सोडला, आणि पाणी येतच राहिलं. थंडगार, धो धो. म्हणजे गीझरचा काही संबंध नव्हता. घरात कुठेतरी थंड पाण्याची लाईन आणि गरम पाण्याची लाईन एकमेकींना मिळाल्या होत्या, आणि थंड पाणी मागच्या दाराने गरम लाईनमध्ये शिरत होतं. मला इतका आनंद झाला की मी शिडीवर बसून हसलो. दादाची दुरुस्ती तिन्ही वेळा बरोबर होती.

मग मी त्या घरातला एकेक नळ बघत सुटलो. तीन बाथरूम, स्वयंपाकघर, काहीच नाही. मागच्या अंगणात मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या, खोलीला लागून नमाजाआधी हातपाय धुवायची जागा होती. भिंतीला बुटके नळ, समोर सिमेंटची बैठक. सगळ्यात कडेच्या नळाला, जिथे गरम आणि थंड दोन्ही पाणी एकत्र येतं, तिथे एक लांब नळीचा हँडशॉवर लावला होता, दाबला की पाणी येतं तसला. आणि तो खाली नाही, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल असा उंच हुकावर अडकवला होता. खालचे दोन्ही नळ अर्धे अर्धे उघडे होते. सापडलं. शॉवरचा खटका बंद, त्यामुळे पाणी बाहेर पडत नाही, पण मागे दोन्ही नळ उघडे, म्हणून थंड पाणी तिथून सरळ गरम लाईनमध्ये. मी दोन्ही नळ बंद केले, आत जाऊन वरचा व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि गरम नळ सोडून पाहिला. वाफा येत होत्या.

परत आलो आणि तो शॉवर नीट पाहिला. नळीच्या सांध्यावर पांढरी टेप उलटी गुंडाळून टोक आत खोचलेलं होतं. सगळ्या मस्कतमध्ये टेपचं टोक असं खोचणारा एकच माणूस होता, आणि तो बाहेर गाडीत संत्रं खात होता.

मी बाहेर गेलो. काचेवर टकटक केलं. दादा, मागच्या अंगणातला शॉवर तुम्ही बसवलात का, असं विचारलं. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि संत्र्याची फोड परत सालीत ठेवली.

"दोन्ही नळ उघडे होते?"

"हो."

"वाकता येत नाही रे त्याला," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी कॉइल बदलून तो मागे हात धुवायला गेला तेव्हा हाजी तिथे बैठकीवर बसले होते आणि पायांपर्यंत हात पोचत नव्हते. कंबर धरली होती. दुसऱ्याला पाय धुऊ द्यायचे नाहीत, मोलकरणीला तर नाहीच. मुलाला सांगायचं नाही, कारण मुलाने आधीच बजावलं होतं की बाबा, ज्या दिवशी तुमचं शरीर चालत नाही असं दिसेल त्या दिवशी पिकअपची चावी माझ्याकडे, आणि निझव्याची बाग मी भाड्याने देणार. मग दादाने गाडीतला एक शिल्लक शॉवर काढून तिथे लावला. वापरून झालं की नळ बंद करा म्हणून सांगितलंही होतं. पण नळ खाली. वाकता येत असतं तर शॉवर कशाला लागला असता? हाजींनी एकदा पाणी आपल्याला हवं तसं कोमट जमवून घेतलं आणि नळ तसेच सोडून दिले. बुधवारी हाजी निझव्याला गेले की मोलकरीण ती जागा धुऊन नळ घट्ट बंद करायची. म्हणून गुरुवारी पास्कलदादा गेला की पाणी गरम, आणि शनिवारी हाजी परत बसले की घर पुन्हा कोमट.

मी म्हणालो, मग झालं तर. गाडीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेत, दोन बसवतो. पितळेचा एवढासा तुकडा, पाण्याला एकाच दिशेने जाऊ देतो. नळ उघडे राहिले तरी लाईनी मिसळणार नाहीत. आणि ऑफिसात सांगतो की तुमचं काम उत्तम होतं, हाजींनी मागून शॉवर लावून घेतला, त्यांना वाकता येत नाही. खलास. दादाने फक्त मागचं दार उघडून पितळी व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात दिले.

मी व्हॉल्व्ह बसवत असतानाच खालिदसाहेब जेवायला घरी आले. सरळ मागे आले. हाजीही काठी टेकत मजलिसच्या दारात येऊन उभे राहिले. खालिदसाहेबांनी पाणी तपासलं, मान हलवली, आणि मग त्यांचं लक्ष त्या शॉवरकडे गेलं. हे इथे कुणी लावलं, आणि कशासाठी? मी हाजींकडे पाहिलं. म्हातारा जमिनीकडे बघत होता.  मी तोंड उघडलं, आणि माझ्या मागून आवाज आला.

"मैंने लगाया, साहब." पास्कलदादा फाटकातून आत येऊन उभा होता, हातात पाना. "जगह धोने को अच्छा रहेगा सोचा. किसी ने बोला नहीं था. वॉल्व्ह डालना भूल गया. मेरी गलती है."

खालिदसाहेब रागावून ओरडणारे नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं की तीन वेळा येऊनही स्वतःची चूक तुम्हाला दिसली नाही का. दादा म्हणाला, नहीं दिखी, साहब. हाजींनी मान वर करून दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांचे ओठ हललेही. मग ते वळले आणि काठी टेकत आत गेले.

गाडीत बसल्यावर मी जे काही बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. सारांश असा, की तुम्हाला वेड लागलंय का, मुलीचं लग्न तोंडावर आलंय, आणि त्या म्हाताऱ्याला दोन शब्द बोलायला काय झालं होतं. दादा शांतपणे गाडी चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "मला काढलं तर मी वाडीत जाईन, मन्या. त्याची वाडी काढून घेतली तर तो कुठे जाईल?"

मी म्हणालो, आणि मांडव? सिग्नल सुटला, त्याने गाडी पुढे काढली. ऑफिसच्या दारात गाडी लावल्यावर फक्त बजावलं की यातलं काही बोललास तर परत माझ्या तोंडासमोर येऊ नकोस. इतक्या वर्षांत तो माझ्याशी त्या सुरात तेवढ्याच वेळी बोलला.

मॅनेजरला मी काय सांगणार? खालिदसाहेबांचा फोन माझ्याआधी पोचला होता. मॅनेजरने मला विचारलं, आणखी काही आहे का? मी म्हणालो, दुरुस्ती तिन्ही वेळा बरोबर होती. तो म्हणाला, आणि शॉवर? मी गप्प बसलो. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्याने स्वतः उठून मला चहा आणून दिला. मी तो प्यायलो नाही.

दादा ख्रिसमसच्या आधी गेला, परत न येण्यासाठी. मला लग्नाला जाता आलं नाही. गीझरचा सीझन, आणि एक माणूस कमी झाल्यामुळे त्याची सगळी कामं माझ्याच डोक्यावर. नवीन ड्रायव्हर मला कामाच्या जागी टाकून निघून जायचा आणि मी शिडी खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला वाट बघायचो. लग्नानंतर दादाचा फोन आला तेव्हा मी विचारलं, व्याह्यांनी काही विचारलं का. तो म्हणाला, विचारलं, परत कधी जाणार. सांगितलं, काढलं मला, काम चुकलं. मग? मग काय, जेवले आणि गेले. हे तो अगदी सहज बोलला.

पुढच्या थंडीत त्या घरून पुन्हा बोलावणं आलं. साधं काम होतं, सेफ्टी व्हॉल्व्ह गळत होता. हाजी मागे बैठकीवर बसलेले होते, शॉवर हातात. मला पाहिल्यावर त्यांनी विचारलं, बास्कल किधर? अरबी माणसाला प म्हणता येत नाही. मी म्हणालो, गेला. छुट्टी? नहीं हाजी, खलास.  पाणी तसंच पायांवर पडत होतं.

"मेरे वास्ते?"

मी नाही म्हणालो. उमर हो गया था, म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही हे त्यांना दिसलं असणार. ते अरबीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटले आणि मग हिंदीत म्हणाले, वो आदमी बोला, मैं नहीं बोला. त्या दिवशी गाडीत मी त्यांना किती शिव्या घातल्या होत्या. आता समोर बसलेला तो म्हातारा बघून मला एकही आठवेना.

आठवडाभराने मॅनेजरने मला बोलावलं. खालिदसाहेब स्वतः ऑफिसात येऊन गेले होते. वडिलांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, शॉवर कुणासाठी लावला, का लावला. आणि सांगून झाल्यावर पिकअपची चावी खिशातून काढून आपल्या हाताने मुलाच्या पुढ्यात ठेवली होती. खालिदसाहेब म्हणाले होते की त्या माणसाला परत आणा, व्हिसाचं मी बघतो. मॅनेजर हे सांगताना इतका खूश होता की उभ्यानेच बोलत होता. तू फोन कर, म्हणाला, तुझ्याकडून ऐकू दे.

मी कोपऱ्यावरच्या फोन-बूथकडे अक्षरशः धावलो. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं उतरवायला निघालो होतो. दादाला सगळं एका दमात सांगितलं. साहेबांना खरं कळलं, सगळ्यांना कळलं, तुमचं काम बरोबर होतं, व्हिसा तयार होतोय, कधी निघता?  

मग तो म्हणाला, "चावी देऊन टाकली?"

हो ना, मी म्हणालो, आपणहून दिली. खालिदसाहेबांनी मागितलीसुद्धा नव्हती.

"आणि बाग?"

मला कळेना कुठली बाग. मी पुन्हा व्हिसाचं काढलं, कागद कुठे पाठवायचे ते विचारलं. त्याने ते ऐकलंच नाही.

"खजुराची रे, निझव्याची," पास्कलदादा म्हणाला. "आता तिथलं पाणी कोण बघतं?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. तो म्हणाला, तेवढं विचारायचंस तरी. आणि त्याने फोन ठेवून दिला.